कुपाटी काढल्यावर

१४ जानेवारी १९६४, सावळदरा

आज संक्रांत. बायका वाणाची ताटं घेऊन घरोघरी हिंडल्या. माझ्या खोलीपुढून गेल्या, परतही आल्या. दार मी उघडंच ठेवलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी संक्रांत करत नाहीत, तेव्हा वाईट वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं. शेवटी एकट्या तानुबाई आल्या. त्या विधवा, त्यांनाही वाणात कोणी धरत नाही. हातावर तिळाचा लाडू ठेवून म्हणाल्या, मनावर घेऊ नका नर्सबाई, सवय होईन त्यांले.

इथे येऊन महिना होत आला. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट. नोकरी लागली म्हणून दादाने जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. ती घरून, वडनेरहून एस.टी.च्या टपावर टाकून आणली आणि आता भिंतीला टेकवून ठेवली आहे. गाडीरस्ता डोंगराला इतका मोठा वळसा घालतो की काल औषधांसाठी धाडला, बाजाराच्या गावी, गेले ती दिवस मावळताना परत आले, आणि निम्मी वाट सायकलनं मला नेलं नाही, मीच तिला ओढलं. टेकडीवरून मात्र धाडची घरं अगदी पुढ्यात दिसतात.

तानुबाई म्हणाल्या, सरळ वाट आहे की, दऱ्यातून. पूर्वी सगळं गाव बाजाराला तिकडूनच जायचं. आता कोणी जात नाही. तिथं जनका हाका मारते. जनका कोण, विचारलं. कचरूची बायको, बाळंतपणात गेली, म्हणाल्या आणि उठल्या.

२१ जानेवारी

आज दऱ्यात जाऊन आले. वाट बुजली आहे पण आहे. दोन्ही बाजूंना पळस आणि सीताफळाची झाडं, मधे मुरूम. उतार इतका सोपा की सायकल पायडल न मारता जाईल. मग नाला लागतो, दरा एकदम अरुंद होतो, आणि तिथेच या काठापासून त्या काठापर्यंत बोरी-बाभळीच्या काट्यांची उंच कुपाटी, म्हणजे कुंपण, घातलेली आहे. तिला मधे एक काट्यांचंच फाटक, तेही तारेनं बांधलेलं. पलीकडे किसनराव पाटलांचं हरभऱ्याचं शेत आणि शेताच्या पलीकडे धाडचा रस्ता. म्हणजे एक शेत ओलांडलं की झालं.

कुपाटीच्या अलीकडे एक चपटा दगड आहे. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या. बांगड्या नव्या होत्या.

तिथे उभी असताना वाटलं, कुपाटीआड कोणी तरी आहे. काट्यांतून लुगड्याचा रंग दिसल्यासारखा झाला. हाक मारली, उत्तर आलं नाही. रंगही गेला. मी भुताखेताला मानत नाही. ते सगळं सोडलं तेव्हा मी शाळेत होते, आईने देव्हारा स्वतःच्या हाताने रिकामा केलेला मी पाहिला आहे. पण खरं लिहायचं तर वर येईपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी

कचरूला भेटले. आमच्याच लोकांच्या वस्तीच्या टोकाला राहतो, धाकट्या भावाच्या घराला लागून. माणूस सडसडीत, बोलताना समोर न बघता हातातल्या कामाकडे बघतो. दोर वळत होता. जय भीम केला आणि मी सरळच विचारलं. हातातला पीळ पुरा करून तो सांगत गेला.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट, त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. जनका अडली. दाईनं हात टेकले. चौघांनी बाज उचलली आणि दऱ्यातून निघाले. त्या वर्षी पहिल्यांदाच किसनरावांनी कुपाटी घातली होती, जोंधळा कणसात होता, बाजाराची माणसं पीक तुडवतात म्हणून. फाटक बांधलेलं. बाज खाली ठेवून यांनी हाका मारल्या. आत विळे चालल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. काट्यांत शिरून फाटक तोडायचं तर हातात काही नव्हतं, आणि तोडलं असतं तर पुढे काय झालं असतं तेही माहीत होतं. शेवटी बाज उचलून परत चढ चढले, गाडीरस्ता धरला. डोंगराच्या वळणावर ती गेली.

मी म्हटलं, आणि लोक म्हणतात ती भूत होऊन हाका मारते.

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “लोक खोटं नाही बोलत बाई. हाका तिनं मारल्याच. फक्त मेल्यावर नाही मारल्या, जिती असताना मारल्या. लेकराचा हात बाहेर आला होता, अन् ती ‘फाटक सोडा व माय’ म्हणत होती.”

आत कोण होतं, विचारलं. जोंधळा उंच होता, म्हणाला, आणि पुन्हा दोर वळायला लागला.

११ फेब्रुवारी

ग्रामपंचायतीच्या बैठकीत मी वाटेचा विषय काढला. बाई बोलते म्हणून आधी सगळे पायांकडे पाहत बसले. मी म्हटलं, वाट मोकळी झाली, जरा नीट केली, तर सायकल धाडपर्यंत जाईल. दूध जाईल, माळवं जाईल, पोरी हायस्कूलला जातील, आजारी माणूस वेळेत पोचेल. सरपंच शेषराव भले गृहस्थ आहेत, पण दोन्हीकडे मान हलवतात. किसनराव शांतपणे म्हणाले, वाट माझ्या शेतातून आहे हे एक झालं. आणि जागा लागट आहे. उद्या कोणाला झपाटलं तर नर्सबाई जबाबदारी घेतील काय? लोक हसले नाहीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं होतं, अडाणीपणा आहे. पण त्या माना भीतीनं खाली गेल्यासारख्या दिसल्या नाहीत.

१९ फेब्रुवारी

आज एक नवल. किसनरावांच्या पत्नी, वच्छलाबाई, उपकेंद्रात आल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. तपासला, काही नव्हतं. चाळिशीच्या असतील, पण चेहरा फार ओढलेला. पाणी दिलं, घेतलं नाही. चहा ठेवला, तो समोर निवत गेला. उठायची मात्र चिन्हं नाहीत.

मग विचारलं, बाई अडली अन् दवाखान्यात नेली तर वाचते का? म्हटलं, बहुतेक वाचते. “अन् लेकराचा हात आधी बाहेर आला तं?”

मला फार बरं वाटलं. मोठ्या घरची बाई शास्त्राचं विचारते आहे. मी कपाटातलं चित्रांचं पुस्तक काढून समजावलं. मूल आडवं असलं तरी डॉक्टर ते फिरवतात, धाडच्या दवाखान्यातही जमतं, नाही तर तिथून मोटारीने बुलढाण्याला नेतात. वेळ तेवढी जाता कामा नये. मग मी जनकाचंच उदाहरण दिलं. म्हटलं, ती शेतातून सरळ गेली असती तर हमखास वाचली असती. मूलही वाचलं असतं. त्या एका फाटकाचा प्रश्न होता.

त्यांनी परत विचारलं, हमखास? मी म्हटलं, हमखास.

मग उठून गेल्या. गावात एक तरी बाई अशी भेटली, आज समाधान आहे.

२७ फेब्रुवारी

कुपाटी निघाली! वच्छलाबाईंनी सकाळी एकट्यानं विळा घेऊन तोडायला घेतली म्हणतात. हरभरा निघालेला, शेत मोकळं होतं. गडी धावून आले तर त्यांना हात लावू दिला नाही. किसनराव शेताच्या धुऱ्यावर उभे राहून नुसते पाहत होते. दुपारी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत फाटलेले. काटे काढताना मी म्हटलं, सांगितलं असतं तर गाव आलं असतं. म्हणाल्या, “फाटक गावानं नव्हतं बांधलं.”

माझं बोलणं एवढं लागू पडेल असं वाटलं नव्हतं. दादाला पत्र लिहिलं.

१२ एप्रिल

श्रमदानाचा आज चौथा रविवार. सरपंचांनी दवंडी दिली तेव्हा पहिल्या दिवशी फक्त आमच्या वस्तीची माणसं आली, आता सगळ्या आळ्यांतली येतात. एकाच रांगेत पाट्या फिरतात. पाण्याची भांडी वेगळी आहेत, पण रांग एक आहे. किसनरावांनी स्वतः येऊन मोठा धोंडा ओढायला बैलजोडी दिली. दिली वाट, बायकोच्या मनात आलं, असं सगळ्यांना सांगतात आणि लोक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतात.

आज हळदकुंकवाच्या दगडावरून अडलं. तो वाटेच्या मधोमध येतो. काढायला कोणी धजेना. वच्छलाबाई पुढे येऊन त्याच्याजवळ बसल्या, म्हणाल्या असू द्या. कचरू पलीकडून आला. त्याने पहार घातली, दगड उपटला, खांद्यावर घेतला आणि नाल्यात नेऊन पायरीसारखा बसवला. म्हणाला, पाय ठेवाच्या कामाचा हाय. कोणी पाय ठेवेना, तेव्हा त्यानेच ठेवला आणि पलीकडे गेला.

दगड गेल्यावर वच्छलाबाई त्या रिकाम्या खळग्याशी बसून राहिल्या. हातात नव्या बांगड्या होत्या, पदराखाली घेतल्या. म्हणजे त्या तिथे त्याच ठेवत होत्या. दयाळू बाई आहे, परक्या बाईसाठी एवढं कोण करतं.

७ मे

आज सायकलवरून गेले. पहिली मीच. तानुबाई आणि आणखी बऱ्याच जणी टेकडीवर उभ्या होत्या, पडेन म्हणून. पळसाच्या सावलीतून चाक असं सुटलं की मी मोठ्यांदा हसले, एकटीच. नाल्याशी उतरले, पुन्हा बसले, शेत ओलांडलं, आणि धाडला पोचले तर औषधाचं दुकान उघडलंही नव्हतं. दुकानाच्या ओट्यावर बसून वाट पाहिली. आयुष्यात कधी कुठे इतकी लवकर पोचले नव्हते.

परत येताना कुपाटीच्या जागेवर चाक उडालं आणि घंटी आपोआप वाजली. वच्छलाबाई शेतात होत्या. त्या ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही कानांवर हात घेतले. मला पाहून हात खाली केले, हसल्यासारखं केलं. मी विचारलं, दचकलात का. म्हणाल्या, हाव.

१९ जुलै

पाऊस चांगला. गाडीरस्त्यावर गुडघाभर चिखल, एस.टी. बंद. दऱ्याची वाट मुरमाची असल्यानं टिकली. इंजेक्शनं याच वाटेनं आणली.

६ सप्टेंबर

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. काम वाढलं. पूर्वी बायका मरणाला टेकल्यावर मला बोलवायच्या, आता धाडहून येता-जाता उपकेंद्रात डोकावतात.

कचरूने शेतमजुरी कमी केली. धाडच्या शालिग्राम सायकलवाल्याकडून एक जुनी सायकल घेतली, कॅरेजला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन बांधतो आणि सकाळी गावचं दूध हॉटेलांना घालतो. गंमत म्हणजे पाटलांच्या घरचंही दूध त्याच्याच कॅनमध्ये जातं, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. सायकलवर गेलं की दुधाला विटाळ लागत नसावा. तानुबाईंनी नाल्याजवळ झोपडी घातली आहे, चहा आणि भजी. शालिग्रामने तिथे एक पंप ठेवला आहे आणि पंक्चर काढायला माणूस बसवतो. सरपंचांची नात आणि आमच्या वस्तीतल्या दोघी रोज चालत हायस्कूलला जातात, तिघींचे आवाज दऱ्यात घुमतात. वर्षापूर्वी इथे चिटपाखरू नव्हतं.

वच्छलाबाई तानुबाईंच्या झोपडीशी येऊन बसतात. रोज. तानुबाई सांगत होत्या, चहासुद्धा घेतात. आज मी उतरून त्यांच्याजवळ टेकले. कचरू रिकाम्या कॅन वाजवत वर गेला, मागून पोरी आल्या, मग डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेला कोणी. सगळे त्यांच्या शेतातून, सहज. वच्छलाबाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, “किती सोपं हाय हो जाणं. पीकबी काई मोडलं नाही. पाह्यलं न तुमी? पेऱ्याची दोन तासं तेवढी सोडली, बाकी उभंच हाय.”

मी म्हटलं, तेच तर मी म्हणत होते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलंही नाही. वाटेचं एवढं चांगलं झालेलं पाहून रडू यावं हे मला काही उमगलं नाही.

१८ ऑक्टोबर

सीताफळांचा हंगाम जोरात आहे. वाट बंद झाल्यापासून ही फळं झाडावरच फुटायची, पाखरं खायची. आता बाजाराच्या दिवशी पहाट फुटली की दऱ्यात पाट्यांची रांग लागते. किसनरावांच्या भावकीतल्या बायकासुद्धा पाट्या घेऊन निघाल्या. ज्यांनी कधी स्वतःच्या हातानं मीठ विकत आणलं नव्हतं त्या बाजारात बसून भाव करतात आणि येताना पोरांना चपला आणतात.

वच्छलाबाईंची तब्येत उतरत चालली आहे. झोप नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, आवाज वाढला. कसला आवाज? म्हणाल्या, पहिले कुपाटीपाशीच यायची हाक. आता घरी येते. वाट मोकळी झाली तं हाकबी मोकळी झाली.

त्यांना रक्तवाढीचं औषध दिलं. अशक्तपणानं कान वाजतात, तसं सांगितलं.

८ नोव्हेंबर

हे आजच लिहिलं पाहिजे.

जिल्हा परिषदेचे एक सभासद आले होते, वाट पाहायला. दऱ्यातच मांडव घातला. अशा वाटा गावोगाव झाल्या पाहिजेत असं ते म्हणाले, आणि ज्या माउलीनं पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कुपाटी काढली तिचा सत्कार करायचा म्हणाले. खण आणि नारळ घेऊन वच्छलाबाईंना पुढे बोलावलं. किसनराव खुर्चीवर बसले होते. त्या पुढे गेल्या. नारळ हातात घेतला नाही.

म्हणाल्या, “कुपाटी मी काढली, ते सांगता. जनकाची बाज इथं आली तवा मी आत होते, ते कोणी सांगत नाही. मी फाटकापासून दहा हातांवर विळा घेऊन उभी होते. मालकानं सांगतलं होतं, कोणाले येऊ देजो नको. अन् मले वाटलं, या लोकायसाठी फाटक सोडलं तं उद्या सारेच येतीन. जातीन वळून, म्हटलं. तिनं मले पाह्यलं काट्यांतून. माय म्हणली मले. मी खाली बसून घेतलं जोंधळ्यात.”

लागट जागा, झपाटणं, हे सगळं कुठून निघालं ते तेव्हा मला कळलं. गावाला ठाऊक होतं. सगळ्यांनाच नसेल, पण पुरेशा लोकांना होतं. भुताचं नाव घेतलं की कुपाटीचं नाव घ्यावं लागत नव्हतं.

कचरू मांडवाच्या कडेला सायकल धरून उभा होता. संध्याकाळच्या दुधाच्या कॅन भरलेल्या. त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तो म्हणाला, “मले माहीत होतं, पाटलीणबाई. मी बी पाह्यलं होतं तुमाले.” आणि मग, दूध नासन, म्हणून पायडलवर पाय टाकून गेला.

मला मात्र त्यांचा गुडघा दुखत होता तो दिवस आठवला. फेब्रुवारीत त्यांनी परत विचारलं होतं, हमखास? आणि पुस्तकातलं चित्र समोर धरून मी परत तेच म्हटलं होतं.

१५ नोव्हेंबर

वच्छलाबाई घरात बसून आहेत. जाऊन आले, दारातूनच परत पाठवलं. आज सकाळी किसनरावांनी गाडीभर काट्या शेतात आणल्या. पुन्हा कुपाटी घालायची. घराण्याची अब्रू ज्या वाटेवर गेली ती वाटच नको, असं गड्यांना म्हणाले.

पण आज बाजार होता. मी पोचले तेव्हा पाट्या घेतलेल्या बायका तिथे थांबलेल्या होत्या, आणि त्यांच्या मागे दूधवाले, पोरी, तानुबाई. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी आडवं झालं नाही. नुसते उभे होते, रोजच्यासारखे, वाट सुरू व्हायची वाट पाहत. किसनरावांची चुलत भावजय सगळ्यांत पुढे होती. ती म्हणाली, भाऊजी, फळं पिकली आहेत, उद्यापर्यंत राहायची नाहीत. सरपंच शेषराव आले. मी त्यांना प्रथमच ठाम आवाजात बोलताना ऐकलं. म्हणाले, किसनराव, आता ही वाट तुम्ही एकट्यानं बंद करायची राहिली नाही.

किसनराव काट्यांच्या गाडीला हात टेकून उभे राहिले. ते मला म्हातारे दिसले. मग गड्याला म्हणाले, गाडी बाजूला घे.

रांग निघाली. त्यांच्या अगदी जवळून गेली, पण कुणी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

४ डिसेंबर

कचरूची भावजय रुख्मिणी काल सकाळपासून कळा देत होती. पहिलटकरीण, वय कोवळं. आज दुपारपर्यंत मी वाट पाहिली, मग माझ्या हाताबाहेरचं आहे हे कळलं. बाज काढा म्हटलं. बाज हा शब्दच त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. कचरूनेच ती भिंतीवरून उतरवली.

चौघांनी उचलली. कचरू, त्याचा भाऊ आणि आणखी दोघे. बाकीचे पुरुष शेतावर होते. मी बाजूने चालत रुख्मिणीची नाडी धरलेली. नाल्याच्या अलीकडे मागच्या एका खांदेकऱ्याचा पाय मुरगळला, तो खाली बसला. बाज कलंडली, सावरली. तानुबाई झोपडीतून धावल्या पण त्यांची उंची पुरेना. मी खांदा द्यायला वळले तर आधीच तिथे कोणी शिरलं होतं.

वच्छलाबाई. शेतातून आल्या असाव्यात, अनवाणी होत्या. त्यांनी पदर खोचला आणि बाजेचा खूर खांद्यावर घेतला. कोणी काही बोलायच्या आधी बाज चालायला लागली होती. कचरूने मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, आता हा बाज खाली ठेवायला लावतो. दोन-चार पावलं तो तसाच मान वळवून चालला. मग म्हणाला, “कलती हाय. बाज तुमच्याकडून वर धरा, डोकं खाली जाऊन राह्यलं तिचं.” त्यांनी वर धरली.

तसेच नाला उतरलो, तसेच ते शेत ओलांडलं. तिथे तुरी उभ्या आहेत, मधून वाट आहे. रुख्मिणी शेतात मोठ्यांदा ओरडली, माय व, म्हणून. वच्छलाबाईंनी बाजेचा खूर दोन्ही हातांनी आवळून धरला. त्या थांबल्या नाहीत.

डॉक्टरांनी मूल चिमट्यानं काढलं. मुलगी. बराच वेळ रडली नाही, मी तिला पालथी धरून पाठ चोळत होते, आणि मग रडली. रुख्मिणीही शुद्धीवर आहे. बाहेर येऊन सांगितलं तर कचरूचा भाऊ मटकन खाली बसला. कचरू पिंपळाला टेकून उभा होता, त्याने नुसती मान हलवली. वच्छलाबाई कुठे दिसल्या नाहीत. रडणं ऐकून त्या निघून गेल्या, असं दवाखान्यातल्या बाईने सांगितलं.

११ डिसेंबर

रुख्मिणीला आज घरी आणलं. बैलगाडीनं वळशाने आणू म्हणत होते, ती म्हणाली दऱ्यातूनच. लेकराला पोटाशी धरून हळूहळू चालत आली, मधे तानुबाईंकडे बसून दूध प्यायली.

त्यांना पुढे जाऊ दिलं आणि मी सायकल हातात धरून मागून निघाले. वच्छलाबाई तुरीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी दुरून लेकरू पाहिलं होतं, जवळ आल्या नव्हत्या. मी थांबले. खांद्यावर बाजेचा वळ अजून असेल, दाखवा म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

म्हणाल्या, “मले वाटलं होतं, आता हाक थांबन. त्या दिवशी बाज नेली तवा वाटलं. नाही थांबली व बाई. येतेच.”

माझ्याकडे पूर्वी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. आज मात्र त्यांच्या शेजारी उभी राहिले, एवढंच केलं.

वरून कचरू सायकलवर आला. आम्ही वाटेत होतो म्हणून उतरला. आमचं बोलणं त्याने ऐकलं असावं, कारण पुढे न जाता थांबला. हँडल धरून, पुढच्या चाकाकडे बघत उभा राहिला. वच्छलाबाई बाजूला झाल्या, त्याला जायला जागा केली. तो जाईना.

“मलेबी येते,” तो म्हणाला.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तुरीकडे बघत होते. मग त्याने सायकल दोन पावलं हातानं पुढे नेली, टांग मारली आणि धाडकडे गेला.